नव्याण्णव पुड्या

तुकोजी जाधवाच्या घरात रद्दी यायची नाही, टेंडरं यायची.

त्याचं असं होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर पेठेत, महाराजांच्या बाड्याच्या मागल्या गल्लीत एक सरकारी दफ्तर होतं आणि तुकोजी तिथला स्टोअरबाबू. दफ्तराला काही विकत घ्यायचं झालं, मग ती सुतळी असो की शाई, आधी टेंडरची नोटीस छापायची. छापखाना संस्थानी दरबारच्या काळातला. शंभर प्रतींच्या खाली तो मशीनला हातच लावायचा नाही. आणि लावायची किती? एक. उरलेल्या नव्याण्णव नोटिसा तुकोजी सायकलच्या कॅरियरला बांधून घरी न्यायचा. कागद जाड, मागची बाजू कोरी. त्याची बायको वनमालाबाई त्या कागदानं फडताळं मढवायची, डाळीचे डबे झाकायची, पापड वाळत घालायची. एकोणीस वर्षांत तिनं विकतचा कागद आणला नव्हता.

ती एक नोटीस कुठं लावायची तेही ठरलेलं होतं. दफ्तराच्या मोठ्या दाराच्या पाठीमागं, भिंतीवर. सकाळी दहाला दार उघडलं की त्याची फळी बरोबर नोटिशीवर जाऊन बसायची. पाचला दार लागलं की नोटीस मोकळी व्हायची, पण तेव्हा आत फक्त पाली असायच्या. पालींनी काही कधी टेंडर भरलं नाही.

तरी टेंडरं यायची. दर वेळी तीन. एक दाल बाजारातल्या लाला गेंदालालचं, एक गेंदालालच्या साल्याचं, आणि तिसरं गेंदालालच्या वडिलांचं. वडील वारून बारा वर्षं झाली होती, पण सही ताजी असायची. नियमात तीन पाहिजेत, तीन आली. गेंदालालचं सगळ्यात कमी निघायचं, त्याला काम मिळायचं.

तुकोजी वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. बाप रिसाल्यात होता, शिस्त अंगात होती. इथं चिकटव म्हटलं की तिथंच चिकटवायचा. दिवाळीला गेंदालालकडनं बालूशाहीचा डबा यायचा, तो त्याला माया वाटायचा. आणि वनमालाबाई आलेला डबा रिकामा परत पाठवायची नाही. चिवडा भरून पाठवायची. म्हणजे हिशेब फिटला, असं दोघांनाही वाटायचं.

मग छप्पन्न साल आलं. आठ वर्षांपूर्वी दरबार जाऊन मध्यभारत झालं, तेव्हा नुसत्या पाट्या बदलल्या होत्या. आता मध्यभारतही जाणार होतं, नवा प्रांत होणार होता, राजधानी भोपाळ. या खेपेला माणसं बदलणार होती. ग्वाल्हेरचं स्टोअर आणि इंदूरचं स्टोअर एक होणार होतं. स्टोअरबाबू दोन आणि खुर्ची एक. जो उरेल त्याच्या नावापुढं 'जादा' असं लिहून त्याला घरी धाडणार होते. तुकोजीच्या पेन्शनला चार वर्षं बाकी होती.

कोण उरेल ते ठरवायला वरनं एक तक्ता आला. शेवटच्या खरेदीवरनं मार्क द्यायचे. शंभरातले.

मोठे बाबू श्रीपादपंत चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "बसा तुकोजीराव. मागच्या खरेदीवरनं आपण आधी घरातल्या घरात भरून बघू. नोटीस किती दिवस लावली?"

"पंधरा."

"किती लोकांनी वाचली?"

तुकोजीनं विचार केला. "तुम्हाला धरून?"

"मी कशाला वाचतोय?"

"मग एक. मी. लावताना वाचली."

"हं. टेंडरं किती आली?"

"तीन."

"किती हातांनी लिहिलेली?" श्रीपादपंतांनी वाचलं आणि स्वतःच दचकले. "हे काय विचारतात! हातबित मोजतात का कुठं?"

"हात एकच, पंत. शाया तीन असतात."

"गेल्या दहा कामांत कितीदा एकालाच काम मिळालं?"

"दहादा."

श्रीपादपंतांनी बेरीज मारली. सात. ते सात मार्क अक्षर स्वच्छ असल्याबद्दल होते.

"इंदूरवाल्याला एकवीस पडलेत म्हणे," पंत हळूच म्हणाले.

तुकोजीनं बोटांवर वजाबाकी केली. शेवटची खरेदी अजून व्हायची होती. भोपाळला फाइली न्यायला चारशे लाकडी पेट्या. नोटीस छापून झाली होती, दारामागं लागली होती. दसऱ्यानंतरच्या शनिवारी तपासणी अधिकाऱ्यांच्या समोर टेंडरं उघडायची होती. गेंदालालची तीन पाकिटं यायची तेवढी बाकी होती.

आता दसऱ्याचं सांगतो, कारण घोळ तिथं झाला.

दसऱ्याला लष्करातली सगळी मराठी घरं एकमेकांकडं सोनं द्यायला जातात. त्या वर्षी तर जास्तच, कारण निम्मी घरं भोपाळला निघालेली. पुढच्या दसऱ्याला कोण कुठं असेल कोणाला माहीत. वनमालाबाईच्या मनानं घेतलं, की येईल त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही, चिवड्याची पुडी द्यायची. तिचा चिवडा म्हणजे काय सांगू? छावणीपासून दाल बाजारापर्यंत त्याला मान होता. खोबऱ्याचे काप असे तळलेले की दाताखाली बोलायचे. दोन दिवस कढई उतरली नाही. तुकोजी पागोटं घालून दुसऱ्यांच्या घरी सोनं वाटत फिरत होता, तेवढ्यात घरी पुड्या बांधून वाटूनही झाल्या.

बुधवारी सकाळी दफ्तरात एक सुतार आला. हातात पिवळट, तेलकट कागद.

"बाबूजी, पेटी वाला टेंडर यहीं डलता है?"

श्रीपादपंतांनी टाक खाली ठेवला. एकोणीस वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. "तुझे किसने बताया?"

"इसमें लिखा है न. बढ़िया था."

"टेंडर?"

"चिवड़ा."

तुकोजीनं कागद हातात घेतला आणि नाकाशी नेला. तीळ, कढीलिंब, तळलेलं खोबरं. हा वास त्याच्या घरचा होता.

दुपारपर्यंत आणखी नऊ जण आले. एक टांगे बनवणारा, एक मोहरमचे ताजिये बनवणारा, एक सफरचंदांच्या खोक्यांचा व्यापारी. टेंडरची पेटी मुळात तीन पाकिटांच्या बेतानं केलेली, ती जेवायच्या सुट्टीआधीच भरली. शिपायानं बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून शेजारी ठेवला.

तुकोजी सायकल दामटत घरी गेला. वनमालाबाई पाट्यावर चटणी वाटत होती.

"अगं, त्या नोटिसांचं काय केलंस?"

"पुड्या बांधल्या. का?"

"सरकारी कागद होता तो!"

"इतकी वर्षं पापड वाळवले तेव्हा कोणाचा होता?"

"अगं, लोकांनी वाचल्या त्या! टेंडरं भरायला लागलेत. माझी नोकरी जाईल."

वनमालाबाईनं वरवंटा थांबवला. "लोकांनी सरकारी नोटीस वाचली म्हणून नोकरी जाते? मग छापता कशाला?"

तुकोजी तसाच सायकलवर बसून दफ्तरात परतला. याचं उत्तर श्रीपादपंतांकडं होतं. ते दार लावून म्हणाले, "तुकोजीराव, दिमाग चालवा जरा. या वेळी एवढे आले, तर साहेब पहिला सवाल काय करणार? की आधी का नाही आले? मग दारामागं बघणार. मग आपण दोघंही जादा. जा, पुड्या परत गोळा करा."

"खाऊन टाकल्या असतील की."

"चिवडा नव्हे हो, कागद!"

तुकोजी निघाला. पहिलं घर इंदुताईंचं. त्यांचे यजमान याच महिन्यात भोपाळला निघालेले, ओसरीवर बांधाबांध चाललेली.

"इंदुताई, दसऱ्याची पुडी आहे का?"

"संपली हो त्याच दिवशी! आणखी आणलीत? या ना, बसा."

"नाही, तो कागद हवा होता."

"कागद?" इंदुताईंचे डोळे बारीक झाले. "काय आहे त्या कागदात?"

"काही नाही. असंच."

"असंच कोणी तेलकट कागद मागायला येतं का तुकोजीराव? अहो, ऐकलंत का, तो पुडीचा कागद कुठं गेला? काढा बघू आधी!"

दहा घरं फिरून तुकोजीच्या हाती अकरा कागद लागले, आणि त्याच्या मागं गल्लीत नवीच चक्कर सुरू झाली. जाधवबाबू पुडीचा कागद परत मागत फिरतोय म्हणजे त्यात काहीतरी भारी आहे, हे सगळ्या लष्करला कळलं. ज्यांनी चिवडा खाऊन कागद फेकला होता, त्यांनी केराच्या टोपल्या उपसल्या. ज्यांनी वाचला नव्हता, त्यांनी वाचला. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी शेजाऱ्याला बोलावून वाचून घेतला. दाल बाजारात एका वाण्यानं तर तो दुकानाच्या खांबावर चिकटवला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणू लागला, "देखो भाई, सरकार की चीज़ है, बाबू खुद माँगने आया था."

त्या दफ्तराची नोटीस दर्शनी भागात लागल्याचं हे पहिलंच उदाहरण.

गुरुवारी गेंदालाल आला. पोट पुढं, मुनीम मागं.

"तुकोजी बाबू! ये आपने चिवड़ा बाँटा है कि चुनाव का परचा?"

"लालाजी, गलती झाली. घरातनं झाली."

"मेरे यहाँ भी पुड़िया आई. मैंने खाया, घरवाली ने खाया, साले ने खाया." लाला खुर्चीत कोसळला. "और साले ने काग़ज़ पढ़ लिया."

"मग? तो तर दर वेळी भरतोच की."

"भरता मैं था, बाबू! वो तो दस्तख़त करता था. अब कहता है, जीजाजी, इतने लोग भर रहे हैं तो मैं भी सच्ची में भरूँगा. लकड़ी की टाल पर जाकर भाव पूछता फिर रहा है!" लालानं कपाळाला हात लावला. "बाप का ठीक है. बाप नहीं बदलेगा."

श्रीपादपंतांनी त्याला पाणी दिलं. लाला पाणी प्याला, मुनिमाला आपलं पाकीट परत उघडायला लावलं, दर खोडून खाली आणला, पुन्हा चिकटवलं. खोक्यांचा व्यापारी दारात दिसला, तसं आणखी एकदा उघडलं. संध्याकाळपर्यंत त्या पाकिटावर खळीचे चार थर बसले होते.

शनिवार उजाडला. तुकोजीनं देवापुढं जरा जास्तच वेळ लावला. वनमालाबाईनं डब्यात पोळीभाजी दिली आणि कोपऱ्यात चिवडा घातला.

"आज तरी नको," तुकोजी म्हणाला.

"तुम्ही चोरी केलीत का?"

"नाही."

"मग खरं ते बोला आणि चिवडा खा."

तपासणी अधिकारी शिवाजीराव म्हणजे किरकोळ अंगाचा, बोलायला काटकसरी माणूस. आल्या आल्या त्यांनी तक्ता पसरला, खिशातनं फूटपट्टी काढली आणि म्हणाले, "टेंडरं आणा."

शिपायानं आधी पेटी आणली. मग बिस्किटांचा डबा. मग एक घमेलं.

शिवाजीराव बघत राहिले. "ही किती आहेत?"

"एकेचाळीस, साहेब," तुकोजी म्हणाला.

"तक्त्यात तीनच ओळी आहेत." त्यांनी पुरवणी कागद मागवले.

उघडता उघडता दोन वाजले. कोणी वहीच्या पानावर लिहिलेलं, कोणी लग्नपत्रिकेच्या पाठीवर. बऱ्याच जणांनी त्याच नोटिशीच्या कोऱ्या बाजूला दर मांडलेले, त्यामुळं खोलीभर हळद-जिऱ्याचा वास सुटला. शिपायाला दोनदा आवंढा गिळताना तुकोजीनं पाहिलं. शिवाजीराव एकेक अक्षर शेजारी शेजारी ठेवून हात मोजत होते. एकेचाळीस टेंडरं, चाळीस हात. गेंदालालचा हात आणि त्याच्या स्वर्गवासी वडिलांचा हात तेवढा एक निघाला.

"यांची सही आज घेता येईल का?" शिवाजीरावांनी वडिलांचं पाकीट वर धरून विचारलं.

मागं बसलेला गेंदालाल एकदम उठला. "साहब, पिताजी टेंडर वापस लेते हैं."

सगळ्यात कमी दर निघाला दौलतसिंहाचा. हा दौलतसिंह दरबारच्या फौजेत काडतुसांच्या पेट्या करायचा. फौज मोडली तेव्हापासनं घरी बसून लोकांचे पाट आणि पोळपाट करत होता. त्याचा दर गेंदालालच्या नेहमीच्या दराच्या निम्म्याच्याही खाली होता. दुसरा नंबर लागला गेंदालालच्या साल्याचा. लालानं साल्याकडं असं बघितलं, की तो उठून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला.

मग शिवाजीरावांनी तक्त्यातला शेवटचा प्रश्न वाचला. "प्रसिद्धी कशी केली?"

श्रीपादपंत घाईघाईनं म्हणाले, "फलकावर, साहेब. नियमाप्रमाणं."

"कुठं आहे फलक?"

शिपायाची नजर दाराकडं गेली. शिवाजीराव स्वतः उठले, दारापाशी गेले आणि दार लावून घेतलं. मागची भिंत उघडी पडली. एकोणीस वर्षांच्या नोटिसा एकावर एक, खळीनं फुगलेल्या, गादीसारख्या. त्यांनी त्यात फूटपट्टी खुपसली.

"पावणेदोन इंच," ते म्हणाले आणि तक्त्यावर लिहून घेतलं. "ही इथली नोटीस एकेचाळीस लोकांनी वाचली?"

श्रीपादपंत डोळ्यांनी खुणावत होते. तुकोजीच्या समोर चार वर्षं, पेन्शन, इंदूरवाल्याचे एकवीस मार्क, सगळं उभं राहिलं. आणि वनमालाबाईचा वरवंटाही.

"नाही साहेब," तो म्हणाला. "इथली कोणीच नाही वाचली. एकोणीस वर्षांत नाही वाचली. यंदा वाचली ती चिवड्यामुळं. माझ्या बायकोनं दसऱ्याला नोटिशीत चिवडा बांधून सगळ्या लष्करात वाटला. मला माहीत नव्हतं. माहीत झाल्यावर मी कागद परत मागत फिरलो, त्यानं आणखी वाढलं. आता काय लिहायचं ते लिहा."

शिवाजीरावांनी चष्मा पुसला. मग कोटाच्या आतल्या खिशातनं घडी घातलेला एक पिवळा कागद काढून टेबलावर ठेवला.

"मी इंदुताईंकडे उतरलोय," ते म्हणाले. "मावसबहीण माझी. तुम्ही फलकावर म्हणाला असतात, तर आज शून्य देऊन गेलो असतो."

मार्क पडले अठ्ठ्याऐंशी. बारा गेले ते वडिलांच्या पाकिटाचे. इंदूरवाला एकवीसवरच राहिला. खुर्ची तुकोजीची झाली आणि ग्वाल्हेरातच राहिली. दौलतसिंहानं चारशे पेट्या अशा करून दिल्या, की भोपाळला फाइली पोचल्या तेव्हा आतली झुरळंसुद्धा जशीच्या तशी होती. त्या संध्याकाळी तुकोजी सायकलवर नाही, टांग्यात बसून घरी गेला. टांगा बनवणाऱ्यानं जबरदस्तीनं बसवलं. टेंडर मिळालं नाही, पण आयुष्यात पहिल्यांदा भरायला मिळालं, यावरच तो खूश होता.

गोष्ट इथं संपायला हवी होती. पण शिवाजीरावांनी शेऱ्यात एक ओळ लिहिली होती, 'प्रसिद्धीची सदर पद्धत चालू ठेवावी.' ती नव्या राजधानीत कोणीतरी मान्य केली आणि हुकूम होऊन आली.

श्रीपादपंतांनी हुकूम तीनदा वाचला. "सदर पद्धत म्हणजे चिवडा. आता पुढचं टेंडर सुतळीचं. त्याच्या नोटिशीला चिवडा लागणार. आणि चिवडा विकत घ्यायचा म्हणजे..."

"टेंडर," तुकोजी म्हणाला.

चिवड्याच्या टेंडरची नोटीस दाराच्या पुढच्या बाजूला लागली. बाड्यावर लागली, दाल बाजारात खांबाखांबावर लागली. सगळ्या लष्करनं वाचली. मुदत संपली आणि पेटी उघडली. आत एकच पाकीट होतं. वनमालाबाईचं.

तुकोजीनं पेटी उलटी करून हलवून बघितली. टेंडर एक, हात एक, आणि बाई नात्यातली. तक्त्यात सातसुद्धा पडणार नव्हते. तो धावत गेंदालालकडं गेला.

"लालाजी, एक टेंडर भरा. चिवड्याचं."

"वनमाला भाभी के सामने?" लालानं कानाला हात लावले. "ना बाबू. बाज़ार में बैठना है मुझे. लोग हँसेंगे."

दाल बाजारातल्या दोन हलवायांनीही हेच सांगितलं. एकानं तर, उरला तर थोडा द्या, म्हणून डबा पुढं केला.

श्रीपादपंतांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "तुकोजीराव, जुनी रीत आहेच की. एक वहिनींचं, एक त्यांच्या जावेचं, आणि एक तुमच्या मातोश्रींच्या नावानं. झाली तीन."

"आईला जाऊन सहा वर्षं झाली, पंत. आणि ती असती तरी तिनं भरलं नसतं. जाईपर्यंत म्हणत होती, चिवडा करावा तर थोरल्या सुनेनं, म्हणजे हिनंच."

शेवटी तुकोजीनं तक्ता स्वतः भरला, आपल्या स्वच्छ अक्षरात. टेंडरं किती, एक. नातं काय, पत्नी. स्पर्धा का झाली नाही, या रकान्यापाशी त्याचा टाक बराच वेळ अडला. मग त्यानं लिहिलं, 'कारण सोबत जोडले आहे.' आणि फाइलीला एक पुडी सुतळीनं बांधून भोपाळला पाठवून दिली.

भोपाळला गेलेली फाइल तीन महिन्यांच्या आत परत येत नाही, हा तिथला तेव्हापासूनचा रिवाज. ही सहाव्या दिवशी आली. दर मंजूर, हरकत नाही, तपासून पाहिले, खाली पाच अधिकाऱ्यांच्या सह्या. पाचही सह्यांवर तेलाची बोटं होती.

पुडी मात्र नव्हती. नुसती सुतळी परत आली होती, नीट गुंडाळून, आणि तिला चिकटवलेली चिठ्ठी, 'कारण अपुरे पडले. आणखी पाठवावे.'